व्हीएचा भत्ता घेऊन पायलट होता येतं का?

यावेळी आलेल्या पत्रांपैकी तीन एकाच गुंत्याची आहेत. अमेरिकन सैन्यातून बाहेर पडलेल्यांना माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्हीए, सेवेत झालेल्या इजा-आजारांबद्दल दरमहा भत्ता देतं. पायलट व्हायला मात्र एफएएचं, म्हणजे हवाई वाहतुकीच्या खात्याचं, वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. एकीकडे आजार नोंदवायचा, दुसरीकडे तंदुरुस्ती दाखवायची. तिन्ही पत्रं थोडी आखडून देते आहे.

प्रश्न : डॉक्टर ताई, मी मूळचा कोरेगावचा, जिल्हा सातारा. २०१३ साली एमएस करायला टेक्सासला आलो आणि २०१५ मध्ये ‘मावनी’, म्हणजे नागरिक नसलेल्यांना भरती करण्याच्या, योजनेतून अमेरिकन लष्करात भरती झालो. गाड्यांच्या दुरुस्तीच्या तुकडीत होतो, काही काळ कुवेतमध्ये. तिथे ताफ्यातली गाडी उलटून माझा एक सोबती माझ्या डोळ्यांसमोर गेला. २०२१ मध्ये बाहेर पडलो. व्हीएने ७० टक्के अपंगत्वाचं रेटिंग दिलं आहे : झोपेत श्वास अडकतो त्याचे ५०, पीटीएसडीचे, म्हणजे त्या धक्क्यानंतर राहिलेल्या मानसिक त्रासाचे, ३०, कानात सतत आवाज येतो त्याचे १० आणि उजव्या गुडघ्याचे १०. श्वास अडकू नये म्हणून हवा सोडणारं सीपॅप मशीन लावून झोपतो. सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध वर्षभर घेतलं, दोन वर्षांपासून बंद आहे. समुपदेशकाकडे महिन्यातून एकदा जातो. आता चौतिसाव्या वर्षी एअरलाइनचा पायलट व्हायचं मनात आहे. एक मित्र म्हणतो, क्लेम मागे घे आणि मग अर्ज कर. दुसरा म्हणतो, आधी १०० टक्के करून घे, पायलटचं नंतर बघू. तिसरा म्हणतो, फॉर्मवर काही लिहूच नकोस, ही दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, सॅन अँटोनियो

उत्तर : तिघांपैकी कोणाचंही ऐकू नका.

मी काही वर्षं व्हीएसाठी भत्त्याच्या तपासण्या केल्या आणि आता एफएएची नेमणूक असलेली वैद्यकीय परीक्षक, म्हणजे एएमई, आहे. व्हीएच्या खोलीत मी विचारायची, “सगळ्यात वाईट दिवस कसा जातो, सांगा.” तो प्रश्न बरोबरच होता, कारण त्रास उफाळतो तेव्हा माणूस किती अडतो हे तिथे मोजायचं असतं. आज माझ्या दवाखान्यात तशीच माणसं येतात आणि खुर्चीत ताठ बसून म्हणतात, “मला काही नाही हो, मॅडम.” माणूस एकच, आणि कागदही शेवटी त्याच्याच नावावर जमा होतात. म्हणून तुम्हाला मनापासून सांगते, दोन्ही खोल्यांमध्ये एकच हकीगत सांगा. व्हीएला सांगाल ती एफएएला सांगता आली पाहिजे, आणि एफएएला सांगाल ती व्हीएला.

पहिल्या मित्राचा सल्ला सर्वात नुकसानीचा, म्हणून तो आधी घेते. क्लेम मागे घेतला तर भत्ता जाईल. आजाराची नोंद जाणार नाही. एफएएच्या ८५००-८ या फॉर्ममधला अठरावा रकाना ‘तुम्हाला भत्ता मिळतो का’ एवढंच विचारून थांबत नाही. आयुष्यात कधीही अमुक आजाराचं निदान झालं होतं का, तो झाला होता का, आत्ता आहे का, असं तो विचारतो. मानसिक आजार त्यात आहेत, शस्त्रक्रिया आहेत, आणि ‘वैद्यकीय अपंगत्वाचा लाभ’ हा त्याच यादीतला एक वेगळा मुद्दा आहे. शिवाय एकोणिसाव्या रकान्यात मागच्या तीन वर्षांत कोणकोणत्या डॉक्टरांकडे आणि समुपदेशकांकडे गेलात ते लिहायचं असतं. भत्ता सोडला तर यादीतला एकच मुद्दा हलका होतो, बाकी सगळं जसंच्या तसं राहतं. तुमच्या हक्काचा पैसा कशासाठी सोडायचा?

दुसऱ्या मित्राचं म्हणणं. व्हीएचं गणित साध्या बेरजेचं नाही. तुमचे आकडे मिळवले तर १०० होतात, पण व्हीए दर वेळी उरलेल्या सुदृढ भागावर टक्के काढतं. ५० गेले, उरलेल्या ५० चे ३० टक्के म्हणजे १५, झाले ६५. पुढचे दोन दहा-दहा उरलेल्यावरच लागतात, एकूण ७२ च्या आसपास येतं आणि दहाच्या पटीत ७० धरलं जातं. इथून १०० वर जायचं तर बहुतेक लोक पीटीएसडीचं रेटिंग वाढवून मागतात. त्रास खरोखर वाढला असेल तर जरूर मागा, तो तुमचा हक्क आहे. पण त्या आकड्यांमागे नियमात शब्द लिहिलेले आहेत. ३० टक्क्यांचा अर्थ असा की माणूस साधारण ठीक चालतो, अधूनमधून कामात घट होते. ७० म्हणजे नोकरी, शिक्षण, घर, विचार करण्याची ताकद अशा बहुतेक बाबतींत कमतरता. १०० म्हणजे कामात आणि समाजात पूर्ण असमर्थता. हे कागद एफएएच्या डॉक्टरांपुढे ठेवून तुम्ही प्रवाशांनी भरलेलं विमान मागणार. ते विचारतीलच, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. ‘नोकरी करूच शकत नाही’ या कारणावर १०० टक्क्यांच्या दराने पैसे मिळण्याची एक वेगळी सोय आहे, टीडीआययू म्हणतात तिला. ती घेऊन एअरलाइनमध्ये पगार घेता येत नाही. तुमचं ७० टक्के रेटिंग साध्या तक्त्यातलं आहे. ते ठेवून कोणतीही नोकरी करता येते, वैमानिकाचीही.

तिसऱ्या मित्राच्या सल्ल्याचं उत्तर पुढच्या पत्रात येईल.

आता तुमच्या चार आजारांकडे वळू. कानातल्या आवाजाने सहसा काही अडत नाही. एफएएची श्रवणाची कसोटी सहा फुटांवर पाठ करून उभं राहून साधं बोलणं ऐकू येणं ही आहे. गुडघा विमानातलं पायाचं (रडर) पेडल पूर्ण दाबू शकत असेल तर प्रश्न गुडघ्याचा उरत नाही, त्यासाठी घेता त्या गोळ्यांचा उरतो. गुंगी आणणारं काही घेत असाल तर मला आधी सांगा.

श्वास अडकण्याच्या आजारावर ‘स्पेशल इश्युअन्स’ मिळतं, म्हणजे अटींवर दिलेलं प्रमाणपत्र. त्याची मुख्य अट अशी : झोपेच्या किमान ७५ टक्के वेळांना मशीन लावलेलं हवं आणि सरासरी सहा तास तरी. ते मशीनच्या कार्डात किंवा ॲपमध्ये नोंदलं जातं, तोंडी सांगून भागत नाही. तुम्ही मशीन ‘लावून झोपतो’ लिहिलंत, पण रोज लावता का? आजच ॲप उघडून बघा. आकडा ६० असेल तर हा हंगाम तो सुधारण्यात घालवा, अर्ज नंतर करा. या आजारात माणूस मशीनने खरंच बरा राहतो आणि पुरावाही मशीनच देतं, म्हणून मला तो तुमच्या यादीतला सोपा आजार वाटतो, रेटिंग सर्वांत मोठं असलं तरी.

पीटीएसडीवर मात्र थांबायला हवं. केवळ निदानामुळे दार बंद होत नाही. एफएए बघतं ते असं : लक्षणं आत्ता आहेत का, झोप कशी आहे, दारू किती, औषध बंद करून किती काळ गेला आणि ते कोणी बंद केलं. तुम्ही सर्ट्रालीन डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवलंत की पायलट व्हायचं म्हणून एका दिवशी टाकून दिलंत, हे पत्रात नाही. याचा कागद असेल तर शोधून ठेवा. वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहिते : मेडिकलसाठी, म्हणजे या प्रमाणपत्रासाठी, चालू औषध स्वतःहून कधीही बंद करू नका. एप्रिल २०१० पासून एफएए नैराश्यावरच्या काही औषधांना अटींसह परवानगी देतं, आणि पहिल्या चारांत सर्ट्रालीन होतं. औषध घेऊन स्थिर असलेला माणूस औषध टाकून डगमगणाऱ्यापेक्षा प्रमाणपत्राच्या कितीतरी जवळ असतो. समुपदेशन तर मुळीच सोडू नका. महिन्यातून एकदा नियमित जाणारा माणूस माझ्या नजरेत जबाबदार माणूस आहे, आणि समुपदेशकाचं तपशीलवार पत्र तुमच्या फाइलमधला सर्वात मोलाचा कागद ठरू शकतो.

कागद या क्रमाने जमवा. व्हीएकडून तुमची पूर्ण क्लेम फाइल मागवा. त्याचा फॉर्म २०-१०२०६ आहे. नुसतं निर्णयाचं पत्र पुरत नाही. भत्त्याच्या तपासणीत परीक्षकाने काय खुणा केल्या ते तुम्ही स्वतः वाचलं पाहिजे. मी त्या फॉर्मवर वर्षानुवर्षं खुणा केल्या आहेत. लक्षणांच्या चौकटींची लांब यादी असते, आणि माणसाने कुवेतची गोष्ट सांगता सांगता “तेव्हा जगावंसं वाटत नव्हतं” म्हटलं की आत्महत्येच्या विचारांच्या चौकटीत खूण होते. ती खूण सहा वर्षांनी एफएएच्या टेबलावर येते. तुम्हाला ती ठाऊकच नसेल तर तुम्ही बावचळता आणि समोरच्याला वाटतं, हा लपवतो आहे. फाइल वाचा, मग आपल्या शब्दांत एक पान लिहा : काय झालं, कधी झालं, काय उपचार घेतले, आज कसा आहे. त्यात काही चोळून मऊ करू नका.

त्यानंतरच एएमईकडे जा, आणि तपासणीला नव्हे, सल्ल्याला जा. हा फरक पैशापेक्षा महत्त्वाचा आहे. ऑनलाइन भरलेला अर्ज एएमईने तुमच्या क्रमांकाने उघडला की तपासणी सुरू झाली. मग तिचा शेवट तीनच प्रकारे होतो : प्रमाणपत्र, नकार, किंवा ओक्लाहोमा सिटीला, एफएएच्या वैद्यकीय कार्यालयाकडे, निर्णयासाठी पाठवणी. मधून उठून जाता येत नाही. नकार आला तर बेसिकमेड आणि स्पोर्ट पायलट या हौशी उड्डाणाच्या सोप्या वैद्यकीय वाटाही बंद होतात. म्हणून अर्ज न उघडता, सल्ल्याचे पैसे देऊन, फाइल दाखवा. शक्यतो मानसिक आरोग्याच्या प्रकरणांचा अनुभव असलेला ‘हिम्स’ एएमई गाठा. तुमचं प्रकरण ओक्लाहोमाला जाईल असं धरून चला आणि महिने लागतील अशी मनाची तयारी ठेवा.

एक पैशाची गोष्ट. एकट्याने विमान उडवायला तिसऱ्या वर्गाचं मेडिकल पुरतं, म्हणून फ्लाइंग स्कूल तेवढ्यावर भरती करून घेतं. तुम्हाला एअरलाइन हवी आहे, तर पहिल्या वर्गाचं आधी मिळवा, फी नंतर भरा. जीआय बिलातून, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाच्या सरकारी मदतीतून, फ्लाइंग स्कूलचे पुढचे कोर्स करायचे तर खासगी वैमानिकाचा परवाना हातात असावा लागतो आणि किमान दुसऱ्या वर्गाचं मेडिकलही. म्हणजे पहिला टप्पा सहसा स्वतःच्या खिशातून. तो खिसा रिकामा झाल्यावर मेडिकल अडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि फार वाईट वाटतं.

प्रश्न : नाव आणि गाव छापू नका. हवाई दलात होतो, आता छोट्या कंपनीत मालवाहू विमान उडवतो. व्हीएचं रेटिंग आहे, त्यात डिप्रेशनही आहे. मेडिकलच्या फॉर्मवर मी प्रत्येक वेळी ‘नाही’ लिहीत आलो, सगळे तसंच करायचे. आता एफएएचं पत्र आलं आहे, व्हीएच्या नोंदी आणि माझा अर्ज जुळत नाहीत म्हणून खुलासा मागितला आहे. उद्याच तुमच्याकडे किंवा दुसऱ्या एएमईकडे जाऊन सगळं सांगून टाकू का? बायकोला अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : माझ्याकडे येऊ नका, आधी विमानवाहतुकीच्या कायद्याचा वकील गाठा. मी एफएएची नेमलेली परीक्षक आहे. तपासणीत जे सांगाल ते मला नोंदवावं लागतं. वकिलाशी बोललेलं गुप्त राहतं. पत्राला उत्तर देण्याची मुदत असते, ती वकिलाला पहिल्याच फोनवर सांगा. वैमानिकांच्या संघटनेचे सभासद असाल तर कायदेशीर मदतीची योजना आहे का ते बघा.

तुमच्यावर चिडणं मला जमत नाही, पण सौम्य बोलूनही भागणार नाही. फॉर्मवरच छापलेलं असतं की जाणूनबुजून खोटं लिहिलं तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एफएएच्या नियमानुसार अशा खोट्या उत्तरावर मेडिकलच नाही, वैमानिकाचे सगळे परवाने रद्द होऊ शकतात. ‘खाती एकमेकांशी बोलत नाहीत’ ही समजूत वीस वर्षांपूर्वीच मोडली. उत्तर कॅलिफोर्नियातल्या वैमानिकांची यादी आणि सामाजिक सुरक्षा खात्याची लाभार्थी यादी तेव्हा शेजारी ठेवून पडताळली गेली. त्यात स्टॅनमोर कूपर हे वैमानिक सापडले. त्यांनी एचआयव्हीचं निदान लपवलं होतं आणि मधे अपंगत्वाचा भत्ता घेतला होता. परवाना गेला, गुन्हा कबूल करावा लागला. आपली खासगी माहिती परस्पर दिली म्हणून त्यांनी मनस्तापाची भरपाई मागितली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१२ मध्ये न्यायालयाने तीही नाकारली. पुढे व्हीएच्या नोंदींचीही अशीच पडताळणी झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये बातमी आली की जवळजवळ ५,००० वैमानिकांची चौकशी चालू आहे. त्यातली साधारण निम्मी प्रकरणं तोवर मिटली होती आणि सुमारे ६० जणांना लगेच उड्डाण थांबवायला सांगितलं होतं.

हा शेवटचा आकडा नीट वाचा. हजारोंमध्ये साठ. बहुतेकांचा आजार जमिनीवर बसवण्याजोगा नव्हताच. खरं लिहिलं असतं तर त्यांतल्या कितीतरी जणांना प्रमाणपत्र मिळालं असतं. हेच मला सहन होत नाही. आजारापेक्षा त्याची भीती जास्त माणसं बुडवते, आणि ती भीती या व्यवस्थेनेच वर्षानुवर्षं पेरली आहे. खरं सांगणाऱ्याची फाइल महिनोन् महिने पडून राहिली, पगार थांबला, हे इतर वैमानिकांनी पाहिलं आणि ओठ शिवून घेतले. एफएएने नेमलेल्या समितीने एप्रिल २०२४ मध्ये मानसिक आरोग्याबाबत २४ शिफारशी केल्या. त्या पूर्ण उतरल्या तर पुढच्या मुलांना तुमच्यासारखं पत्र लिहावं लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं. पण २०१५ च्या मार्चमध्ये जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने आजार लपवून, विमान मुद्दाम डोंगरावर आदळून १४९ जणांना सोबत नेलं, हेही विसरून चालणार नाही. एफएएचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याची वाट सोपी व्हायला हवी.

तुमच्यासाठी आत्ता तीन गोष्टी. वकिलाने सांगेपर्यंत कोणालाही लेखी काही देऊ नका, आणि नवीन मेडिकलचा अर्ज भरू नका. डिप्रेशनची लक्षणं आज असतील तर आजपासून विमानाला हात लावू नका. मेडिकल खिशात असलं तरी आजारी असताना उडायचं नाही, हा नियम वैमानिकाने स्वतःवर लावायचा असतो. आणि बायकोला आज रात्री सांगा. परवाना रद्द झाला तर साधारण वर्षभर नव्याने अर्ज करता येत नाही, परीक्षा परत द्याव्या लागतात. उड्डाणाचे तास मात्र तुमचेच राहतात. ते वर्ष एकट्याने काढायचं नसतं. रात्री फार जड झालं तर ९८८ फिरवा आणि १ दाबा, तिथे माजी सैनिकांसाठीची माणसं असतात.

प्रश्न : डॉक्टर बाई, आम्ही कराडजवळ राहतो. आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मुलगा अमेरिकेच्या नौदलात होता, आता विमान चालवायला शिकणार म्हणतो. त्याला तिथे अपंगत्वाचे पैसे मिळतात, पण तो तर चालता-बोलता आहे! रात्री तोंडाला नळी लावून झोपतो, एवढंच. यांना वाटतं, हे सरकारला फसवणं झालं. पैसे परत कर म्हणून सांगू का?

उत्तर : नाही, वहिनी, परत करायला लावू नका. सुभेदारसाहेबांना विचारा, त्यांच्या पलटणीत पाय अधू होऊन आलेल्या जवानाला पेन्शनीसोबत अपंगत्वाचा भाग मिळायचा की नाही. तो जवान नंतर बँकेत नोकरी करायचा, म्हणून कोणी त्याला फसवा म्हणालं नाही. तुमच्या मुलाचा भत्ताही त्याच जातीचा आहे. सेवेत शरीराला लागलं त्याची भरपाई आहे ती, आणि व्हीएच्या डॉक्टरांनी तपासून दिली आहे. त्याने खरं सांगून घेतला असेल आणि विमानाच्या फॉर्मवरही खरं लिहिणार असेल, तर त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. एवढं एक त्याला फोनवर जरूर विचारा की फॉर्मवर लिहिलंस ना.

आणि ती नळी ‘एवढंच’ नाही. ती त्याने किती रात्री लावली याचा हिशोब मशीन ठेवतं, आणि त्या हिशोबावर त्याचं विमान ठरतं. गावी आला की मुलं मशीन बॅगेतच ठेवतात, आईसमोर नको म्हणून, किंवा रात्री वीज जाते म्हणून. तो सुट्टीवर यायच्या आधी त्याच्या खोलीतल्या प्लगला इन्व्हर्टरची लाइन जोडून घ्या, मशीनच्या टाकीसाठी डिस्टिल्ड पाण्याची बाटली मेडिकलच्या दुकानातून आणून ठेवा, आणि पाहुणे बसलेले असले तरी त्याला वेळेवर झोपायला पाठवा.